साठ वाद्यांचा नमस्कार

साठ वादक एका दालनात बसले होते आणि त्यांतल्या एकालाही दुसऱ्याची ओळख नव्हती.

खरं म्हणजे दालनही नव्हतं आणि वादकही नव्हते. पुण्यात पाषाणच्या टेकडीखाली 'नादबिंब' नावाचा स्टुडिओ होता, तिथे शलाका आठल्ये एकटीच पडद्यासमोर बसली होती. व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या, शिंगं, नगारे, सगळं संगणकात. एकेक वाद्य वेगळं काढून ऐकलं तर खऱ्या वादकानं कान पकडावेत असं. पण सगळी एकत्र वाजली की लग्नाच्या पंगतीत अनोळखी पाहुणे मांडीला मांडी लावून बसावेत आणि प्रत्येकानं आपल्याच पानाकडे बघून जेवावं, तसं व्हायचं.

"शलाकाताई, थोडा गोंधळ घाला की त्यात," स्टुडिओचा मालक पुष्कराज चिरमुले दारातून म्हणाला. "माणसं चुकतात. यांनाही चुकू द्या."

"घातला. आता अनोळखी माणसं चुकतायत."

हा रोग जुनाच होता. संगणकाच्या वाद्यवृंदात जीव यावा म्हणून लोक कित्येक वर्षं फासे टाकत आले होते. हा स्वर केसभर पुढे ढकल, तो केसभर मागे. पण कान असल्या फाशांना भुलत नाही. कारण माणसं एकत्र वाजवताना चुकतात ती सुटी सुटी चुकत नाहीत. शेजाऱ्याचा स्वर कानावर आल्यावर वाजवायला घेतलं तर उशीरच होणार. म्हणून प्रत्येक वादक शेजाऱ्याचा पुढचा क्षण आधीच ताडतो, त्या अंदाजावर भरवसा टाकून स्वर सोडतो, अंदाज चुकला तर पुढच्या स्वरात सावरून घेतो. साठ माणसांचे असे अंदाज एकमेकांत गुंफले की वाद्यवृंद होतो. आवाजांच्या तोलाचंही तेच. तोल म्हणजे मापानं वाढलेला वाटा नव्हे. दुसरा ऐकू यावा म्हणून आपण घेतलेली माघार, म्हणजे तोल.

शलाका आणि पुष्कराज यांनी म्हणून वाद्यं सुधारायचा नाद सोडला होता आणि प्रत्येक वाद्याला एक 'कान' द्यायचं ठरवलं होतं. इतरांचा पुढचा क्षण ताडणारा, ताडता ताडता शिकणारा कान. यंत्र तयार होतं. अडलं होतं ते गुरूपाशी. या कानाला शिकवायला अशी दोन माणसं हवी होती, जी आयुष्यभर एकमेकांबरोबर वाजवत-गात आली आहेत आणि ज्यांचा आवाज वेगवेगळा टिपलेला आहे. जगातली बहुतेक ध्वनिमुद्रणं आधीच मिसळलेली. चहातून साखर परत कशी काढणार?

"अशी दोन माणसं कुठून आणायची?" पुष्कराज म्हणाला.

शलाकानं पडद्यावरची वाद्यं बंद केली. मग म्हणाली, "आमच्या घरी होती."

*

वाईला कृष्णेकाठी राहणारे केशवबुवा आठल्ये म्हणजे शलाकाचे वडील. नारदीय कीर्तनकार. उभ्या जन्मात त्यांनी कीर्तनाखेरीज दुसरं काही केलं नाही, आणि त्यांच्या डाव्या हाताला, पेटीवर, पत्नी उमाबाई. कीर्तनाची गोडी ज्याला लागली आहे त्याला सांगायला नको, की बुवा उभे राहून सांगतात ते अर्धं कीर्तन. उरलेलं अर्धं त्यांच्या मागे बसलेलं असतं. बुवांचा दम खुंटला की मागच्यानं ध्रुपद उचलायचं. बुवा रंगात येऊन वर गेले की तिथे आधीच पोचून सूर धरून ठेवायचा. बुवा गद्यात शिरले की असं विरून जायचं, की पेटी कधी थांबली ते कुणाच्या ध्यानात येऊ नये. उमाबाईंना यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. त्या नुसत्या ऐकत असत.

शलाकाला कॉलेजात असल्यापासून ध्वनिमुद्रणाचं वेड. उत्सवा-उत्सवाला ती आईवडिलांमागे जायची, एक माइक बुवांपुढे लावायची, दुसरा पेटीच्या मागे, आणि कानांवर हेडफोन चढवून आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यांकडे बघत बसायची. बुवा चेष्टा करायचे, "नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. कोर्टात नेतेस की काय गं आम्हाला?"

उमाबाई गेल्या आणि बुवांचं कीर्तन थांबलं. गावातल्या लोकांनी चांगले चांगले पेटीवाले आणून बसवले. बुवा एकेकाला चहा पाजून परत पाठवत. "हात गोड आहे हो त्यांचा," ते शलाकाला फोनवर सांगत. "पण ते माझं झाल्यावर ऐकतात. उमा आधी ऐकायची."

हेच वाक्य स्टुडिओत शलाकाच्या डोक्यात घुमत होतं.

जुनी मुद्रणं तिनं यंत्राला ऐकवली. यंत्र शिकलं. तरी तिला वाद्यवृंदाआधी दुसरंच काही करून बघायचं होतं. एका सकाळी ती वाईला गेली, ओसरीवर जिथे आई बसायची त्या सतरंजीवर एक लहानसा स्पीकर ठेवला आणि वडिलांपुढे माइक लावला.

"अण्णा, नमनाचं म्हणा."

"कुणासाठी? त्या डब्यासाठी?"

"म्हणा तर खरं."

बुवांनी घसा साफ केला आणि नमन धरलं. पहिल्या ओळीला स्पीकरमधून पेटी दबकत मागून आली. दुसऱ्या ओळीला बुवांनी मुद्दाम ताल सोडून स्वर लांबवला, जणू चकवायला. पेटी तिथे आधीच उभी. चौथ्या ओळीला बुवांचा दम तुटला. त्यांनी खांबाला हात टेकला आणि पेटीनं ध्रुपद हलकेच उचलून, त्यांचा श्वास भरेपर्यंत झुलवत ठेवलं.

बुवा खाली बसले. पंच्यानं तोंड पुसलं, आणि पंचा तोंडावरच धरून ठेवला.

"ऐकत्ये गं ती," ते पंच्याआडून म्हणाले.

त्या दिवसापासून ओसरीवर रोज सकाळी तालीम सुरू झाली. बुवांचा आहार वाढला, चेहऱ्यावर तकाकी आली. कृष्णामाईच्या पुढल्या वर्षीच्या उत्सवात कीर्तनाला उभे राहाल का, असं समितीचे लोक भीत भीत विचारायला आले, तर बुवा म्हणाले, "येऊ की. दोघंही येऊ."

*

इकडे पुण्यात उमाबाईंचा कान साठ वाद्यांना लावला गेला. पहिल्यांदा वाजलं तेव्हा पुष्कराज खुर्चीतून उठून उभाच राहिला. व्हायोलिनं बासरीला वाट देत होती. शिंगं स्वतःहून मागे सरत होती. शलाकाला तोलासाठी बोट लावावं लागलं नाही. आणि एखादी स्वरावली फिरून फिरून खाली आपल्या षड्जावर येऊन विसावली, की सगळा वाद्यवृंद अर्धा श्वास थांबायचा. त्या फटीत भात्याच्या सुस्काऱ्यासारखं काहीतरी पुसट ऐकू यायचं, आणि मग सगळे एकदम, जरासे उशिरा, परत यायचे.

"हे काय आहे?" पुष्कराज कुजबुजला. "अंगावर काटा आला."

"आईची लयीची जाण," शलाका अभिमानानं म्हणाली.

त्या थांबण्याला लोकांनी 'श्वास' असं नाव दिलं. वर्ष फिरायच्या आत तो श्वास सगळीकडे पोचला. सिनेमात नायिका दार लावून घेई तेव्हा, विमानतळाच्या उद्घोषणेआधी, बँकेला फोन लावला की ताटकळताना ऐकू येणाऱ्या सुरावटीत. संगणकाचा वाद्यवृंद आणि खरा वाद्यवृंद यातला फरक जाणकारांना कळेनासा झाला. शलाकाला सत्कारांना बोलवायचे. बुवा तिथे पहिल्या रांगेत बसून आपल्या शेजारच्याला सांगायचे, "ही आमची. आणि ती वाजवत्ये तीही आमचीच."

*

उत्सव तोंडावर आला होता. बुवांचे डोळे तपासायला शलाका त्यांना घेऊन दवाखान्यात बसली होती. समोर भिंतीवर टीव्ही. जाहिरात लागली: स्वच्छ फरशी, त्यावरून रांगणारं बाळ, मागे भरदार वाद्यवृंद. सुरावट खाली उतरत आली, षड्जावर टेकली आणि साठही वाद्यं अर्धा श्वास थांबली.

बुवांचा हात आपोआप छातीशी गेला. मग त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

"शलू, हा नमस्कार कुणाला गं?"

"कसला नमस्कार?"

"आत्ता केला ना सगळ्यांनी. साठ जणांनी हात जोडले, आणि समोर फरशी पुसायचं औषध!" बुवा हसले. शेजारी बसलेल्या बाईही हसल्या. शलाकाला मात्र काही उमगेना.

"अण्णा, तो श्वास आहे. आईच्या वाजवण्यातला."

"श्वास कसला? कीर्तनात मी नाव घेतलं, 'नारायण' म्हटलं, की उमा उजवा हात पट्ट्यांवरून उचलायची आणि छातीशी न्यायची. डावा हात भात्यावर, तो चालूच. म्हणून सुस्कारा ऐकू यायचा. मग हात परत यायचा, जरा उशिरा. इतकी वर्षं माझ्या मागे बसून तिनं एकही नाव चुकवलं नाही." ते तिच्याकडे वळले. "तुला ठाऊक नव्हतं?"

शलाकाला ठाऊक नव्हतं. ती प्रत्येक कीर्तनाला होती, प्रत्येक सूर तिनं टिपला होता, पण तिचे डोळे काट्यांवर असायचे. आईकडे तिनं बघितलंच नव्हतं.

 घरी आल्यावर बुवांनी पाय धुतले आणि ते थेट ओसरीवर गेले.

"लाव तुझं यंत्र."

यंत्र सुरू झालं. बुवांनी सूर धरला, नेहमीची चाल, नेहमीचा उतार. शेवटी जिथे 'नारायण' यायचं तिथे, त्याच सुरात, त्याच ठेक्यात, त्याच भक्तीनं त्यांनी म्हटलं, "मेऽथी, कोथिंबीर."

पेटी थांबली. अर्धा श्वास. भात्याचा सुस्कारा. मग नम्रपणे, जरा उशिरा, परत आली.

शलाकाच्या तोंडून हसू फुटलं आणि अर्ध्यावरच मेलं. बुवांनी पुन्हा म्हटलं, "मेऽथी, कोथिंबीर." पेटीनं पुन्हा हात जोडले.

"उमेनं मेथीला नमस्कार केला," बुवा म्हणाले, आणि माइक स्वतःच्या हातानं बाजूला सारला.

यंत्राचा दोष नव्हता. त्याला शब्द कळतच नव्हते. नाव येण्याआधी बुवांचा स्वर कसा उतरतो, श्वास कसा लांबतो, एवढं त्यानं बिनचूक टिपलं होतं. नाव मात्र त्याच्या कानाच्या बाहेरच राहिलं होतं.

*

त्या संध्याकाळी शलाकानं वडिलांना समजवायचा प्रयत्न केला. उत्सव चार दिवसांवर आला होता, आणि यंत्राशिवाय बुवा उभे राहणार नाहीत असं तिला वाटत होतं.

"अण्णा, तुम्हीच तर आख्यान लावता. तो पापी मरताना मुलाला हाक मारतो, मुलाचं नाव 'नारायण' असतं, आणि तेवढ्यावर त्याचा उद्धार होतो. त्याच्या तरी मनात देव कुठे होता? मग यंत्राचा नमस्कार का नाही पोचणार?"

बुवांना लेकीचं कौतुक वाटलं. असा बिनतोड प्रश्न त्यांना श्रोत्यांतून कुणी कधी विचारला नव्हता.

"बरोबर आहे तुझं. पण बाळ, त्याच्या ओठांवर नाव होतं. भाव नव्हता, तरी नाव होतं. इथे नाव नाहीच. नुसता नमस्कार आहे, आणि तो पत्ता नसलेल्या टपालासारखा दारोदार फिरतोय. आणि तो काही कंपनीचा नाही गं. तुझ्या आईचा आहे. तिनं जन्मभर जपून एकाच ठिकाणी वाहिला होता."

"मी तेवढाच काढून टाकायला सांगते."

तिनं पुष्कराजला फोन लावला. रात्रभर त्याच्या माणसांनी खटपट केली. सकाळी तो म्हणाला, "नाही निघत, ताई. ती फट वेगळी नाहीच. तुमच्या आईचं बाकीचं सगळं वाजवणं त्या फटीकडेच झुकलेलं आहे. कुठे माघार घ्यायची, कुठे पुढे व्हायचं, सगळी तयारी त्याच क्षणाची. फट बुजवली की साठही जणांना पुन्हा एकमेकांची ओळख नाही."

शलाकानं फोन खाली ठेवला. म्हणजे आई ऐकत होती ती बुवांना नव्हे. बुवांच्या तोंडून जे येणार होतं, त्याला.

आता एकच वाट उरली होती. गेलेल्या माणसाचा आवाज किंवा हात यंत्राला द्यायचा तर वारसांची संमती लागायची, आणि ती केव्हाही मागे घेता यायची. पण घेतली की तो कान जिथे जिथे असेल तिथून पुसला जायचा. एखादी प्रत घरी ठेवून घेऊ म्हटलं तर कायदा परवानगी देत नव्हता. एका बियाण्यातून पुन्हा सगळं रान उगवतं. म्हणजे ओसरीवरची पेटीही जाणार होती.

तिनं हे वडिलांना सांगितलं. एकही शब्द न लपवता सांगितलं.

"मुद्रणं राहतील ना?" बुवांनी विचारलं.

"राहतील. तुम्हाला आई ऐकू येईल. पण तिला तुम्ही नाही."

बुवा अंगणाकडे बघत राहिले. मोलकरीण तुळशीला पाणी घालत होती, ते सगळं पाणी जिरेपर्यंत बघत राहिले.

"मागच्या खेपेला तिला पोचवायला गेलो तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं," ते म्हणाले. "या खेपेला मला विचारतायत. आणि मी हो म्हणतोय. कर फोन."

पुष्कराजनं एकदाच विनवलं. "ताई, तुमचं आयुष्यभराचं काम आहे हे. लोक म्हणतील, वाद्यवृंद मेला."

"मेलेलाच होता रे. आपण त्याला माझ्या आईचा श्वास लावला होता."

कान पुसायच्या आधी शलाकानं विचारलं, "अण्णा, एकदा शेवटचं म्हणणार?" बुवांनी नमन धरलं. पेटी मागून आली, तशीच दबकत. दम तुटला तिथे तिनं उचलून धरलं. उतार आला, आणि षड्जावर टेकायच्या आधी बुवा थांबले. नाव त्यांनी घेतलं नाही. पेटी वाट बघत राहिली.

"बंद कर," ते म्हणाले.

*

कृष्णामाईच्या घाटावर मांडव भरला होता. दिवेलागण झाली होती. पगडी-उपरणं घालून बुवा उभे राहिले. उजवीकडे तबल्यावर सदाशिव गुरव. डावीकडची सतरंजी मोकळी. समितीतल्या एकानं ती उचलायला हात घातला तर बुवा म्हणाले, "राहू द्या."

शलाका समोर, मांडवाच्या खांबाशी, आवाज सांभाळायला बसली होती. बोटाखाली फेडरची, आवाज वर-खाली करायच्या सरकत्या कळींची, रांग: एक बुवांचा, एक तबल्याचा, एक रिकामा.

कीर्तन लागेना. म्हाताऱ्या गळ्याला टेकू नव्हता. दम तुटला की बुवा गप्प उभे राहत, आणि त्या गप्पपणात नदीचं पाणी आणि कुणाचा तरी खोकला ऐकू येई. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. एक पोरसवदा श्रोता शेजाऱ्याला म्हणाला, "यांची ती पेटी बिघडली वाटतं." शलाकानं बुवांचा फेडर थोडा वर घेतला. उपयोग झाला नाही. तोल सांभाळायला दुसरं कुणी नव्हतंच.

तेच आख्यान होतं. पापी खाटेवर पडलेला, दूत दारात उभे. बुवांनी स्वर वर नेला, तिथे तो फाटला, तरी तसाच फाटका खाली आणला. पायरी पायरीनं. श्वास लांबला. शलाकाचे डोळे आज काट्यांवर नव्हते.

"नारायण," बुवा म्हणाले.

तिची बोटं फेडरवरून उचलली गेली आणि हात जोडले गेले. सगळ्या मांडवाचा आवाज तेवढा वेळ कुणाच्याच हातात नव्हता. माइकमधून नदीवरचा वारा आला.

हात परत कळींवर आले तेव्हा उशीर झाला होता. अर्धा श्वास.

बुवांनी तो श्वासभर वाट पाहिली होती. शलाकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मान डावीकडे वळली होती, जन्मभर वळत आली तशी. मोकळ्या सतरंजीकडे बघून त्यांनी हलकेच होकार दिला, आणि पुढचं चरण एकट्यानं उचललं.